निजामाचे जोडे आणि कारागिराचा टाका

हैदराबादचे तिसरे निजाम सिकंदर जाह (कारकीर्द १८०३ ते १८२९) यांचे म्हणून ओळखले जाणारे, जरीने भरलेले आणि हिरे, माणके व पाचू जडविलेले जोडे आज कॅनडातील टोरोंटोच्या बाटा पादत्राण संग्रहालयात आहेत. २००६ मध्ये ते चोरीस गेले व पुढे परत मिळाले, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यत्वे त्यांच्या किमतीची. रत्नांचे मोल जवाहिऱ्याने खुशाल करावे. परंतु उमरावांच्या अशा पादत्राणांतील खरी विद्या त्याच्या तराजूत सापडावयाची नाही, ती चामड्याच्या कामात आहे.

बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा वरचा भाग सपाट असतानाच त्यावरचे भरतकाम उरकावे लागे, कारण तो एकदा तळाशी शिवला म्हणजे चवड्याच्या पोकळीत सुई फिरविणे दुरापास्त होई. आणि जरीची तार कातड्यातून ओढली तर ती सोलली जाईल म्हणून ती पृष्ठावरच वेलबुट्टीच्या वळणाने मांडून बारीक दोऱ्याच्या टाक्यांनी जखडीत. कच्छच्या मोच्यांनी तर आपल्या आरीला आकडा देऊन कातड्यावरचा साखळीटाका रेशमावर नेला आणि राजघराण्यांतील स्त्रियांचे घागरे भरले. अशा जोड्यांत डाव्या-उजव्याचा भेद बहुधा नसेच. तो भेद धन्याच्या पायाने वापरून वापरून पाडावा.

एवढ्या खटाटोपाचा हा जोडा दरबारात मात्र बाहेरच उतरवावयाचा. निजामापुढे जोडे काढून बसण्याचा शिरस्ता इंग्रज रेसिडेंटाने मोडला तो १८६९ मध्ये, आणि त्या मानापमानाची नोंद दप्तरांत झाली. ज्यांनी कातडे कमावले व शिवले, ज्यांचा स्पर्श विटाळ मानणारे सरदार त्यांच्याच हातचे जोडे मिरवीत राहिले, त्यांची नोंद ठेवण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली.

ती उणीव आता पूर्णपणे भरून निघणार नाही, हे उघड आहे. तथापि महाराष्ट्राच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने एवढे अवश्य करावे: आपल्या ताब्यातील प्रत्येक जुन्या जोड्याच्या चिठ्ठीवर, मालकाच्या नावाखालोखाल, कातडे कोणत्या जनावराचे, ते कशाने कमावले आणि टाका कोणता, हे लिहावे, आणि ते ठरविण्यासाठी पंडितांच्या समितीत हाताने जोडे शिवणाऱ्या चर्मकारांस रीतसर मानधन देऊन बसवावे.