ताटातले काढले, डब्यात भरले

मालाडच्या मार्वे धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आले आहे. बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकवायचे, जमिनीवर जवळा पसरायचा आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की या सुक्या मासळीवर घर चालवायचे, ही तेथील रीत. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात सुमारे 60 ग्रॅम प्रथिने असतात, आणि काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतून कॅल्शियम मिळते. हीच मासळी पाटीत घालून कोळीण मालाडच्या बाजारात बसते. त्याच बाजारातील औषधांच्या दुकानांत प्रथिनांच्या भुकटीचे डबे, कॅल्शियमच्या गोळ्या आणि माशांच्या तेलाच्या कॅप्सूल मांडलेल्या असतात. कोळणीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा ग्राहक डब्यावरच्या छापील किमतीपुढे मात्र निमूटपणे मान तुकवतो. हा केवळ अज्ञानाचा प्रश्न नाही. श्रमाने मिळवलेल्या अन्नाची किंमत पाडायची आणि कारखान्यातल्या भुकटीला प्रतिष्ठा द्यायची, हे बाजाराचे शिक्षण आहे.

पूरक औषधे सरसकट निरुपयोगी आहेत, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड हटतो हे सिद्ध केले. गर्भधारणेच्या सुमारास फोलिक आम्ल घेतल्यास अर्भकाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 1991 मध्ये दाखवले. रक्तक्षय झालेल्या गर्भवतीला लोहाची गोळी आणि कट्टर शाकाहारी माणसाला ब-12 जीवनसत्त्व आवश्यक असते, याविषयीही वाद नाही. या सर्व उदाहरणांत एक सूत्र समान आहे. उणीव नेमकी ठाऊक आहे, मात्रा मोजलेली आहे, आणि औषध इतके स्वस्त आहे की शासनाने मनात आणले तर ते प्रत्येक घरी पोचू शकते. ज्यात फार नफा नाही तेच नेमके उपयोगी आहे, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता ज्यात नफा आहे त्याकडे पाहावे. पोटभर जेवणाऱ्या, कोणतीही उणीव नसलेल्या माणसाने रोज गोळ्या घेतल्या तर काय साधते? 1994 मध्ये फिनलंडमधील 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती. गोळी घेणाऱ्यांत तो उलट वाढलेला आढळला. अमेरिकेत 25 हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत ड जीवनसत्त्वाने कर्करोगाला वा हृदयविकाराला आळा बसला नाही, आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्याच पुढील निष्कर्षानुसार हाडे मोडण्याचे प्रमाणही घटले नाही. खुद्द आपल्याकडील भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची भुकटी टाळावी असे स्पष्ट बजावले आहे. तरीही जाहिरातींचा गजर थांबलेला नाही.

प्रथिनांची ही भीती नवी नाही. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जगावर प्रथिनांचे संकट कोसळणार असल्याची हाकाटी केली आणि प्रथिनयुक्त खास खाद्यांच्या योजना आखल्या जाऊ लागल्या. साताऱ्याचे सुपुत्र, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्याच सुमारास आकडेवारीनिशी दाखवून दिले की, भारतात जेथे प्रथिने अपुरी पडतात तेथे बहुधा मुळात अन्नच अपुरे पडते. पोट अर्धे असले की शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. मग भुकटी देऊन उपयोग काय? 1974 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मॅक्लॅरन यांनी या साऱ्या मोहिमेची फजिती उघड केली. सुखात्मे यांची पोषणविषयक पुढील मते वि. म. दांडेकरांना मान्य झाली नाहीत, हा वाद निराळा. परंतु भूक ही डब्याने नव्हे तर भाकरीने, म्हणजेच मजुरीने भागते, हा त्या वेळी मिळालेला धडा आज पन्नास वर्षांनी पद्धतशीर विसरवला जात आहे.

या व्यापाराला कायद्यानेही सोयीची पळवाट ठेवली आहे. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार आणि त्याखालील 2016 च्या नियमांनुसार ही उत्पादने 'अन्न' ठरतात. औषध नसल्यामुळे नव्या औषधाप्रमाणे रुग्णांवरील चाचण्यांनी गुण सिद्ध करण्याचे बंधन त्यांच्यावर नाही, आणि औषधांच्या किंमत-नियंत्रणातूनही ती सुटतात. वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे बारीक अक्षरांत छापायचे आणि माल मात्र औषधाच्याच दुकानात, औषधाच्याच थाटात विकायचा! एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगावे लागले की, 'आरोग्यपेय' अशी कोणतीही व्याख्या कायद्यात नाही, तेव्हा त्या नावाचे सदरच काढून टाका. त्याआधी कित्येक वर्षे आईबाप या शब्दावर विश्वास ठेवून मुलांच्या दुधात साखर कालवत होते.

उणीव खरोखर कोठे आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 54 टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालील सुमारे 69 टक्के बालकांना रक्तक्षय आहे. ज्यांना लोह हवे आहे ते औषधांच्या दुकानातील चकचकीत डब्याचे गिऱ्हाईक नाहीत. आणि जे गिऱ्हाईक आहेत त्यांतील बहुतेकांना डब्याची गरज नाही. अशा राज्यात शासनाने काय केले? 2023 च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी काढून घेण्यात आला. हवे असल्यास शाळांनी लोकवर्गणीतून अंडी द्यावीत, असे सुचवण्यात आले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. मध्यमवर्गीय तरुण व्यायामानंतर जी चमचाभर भुकटी पाण्यात ढवळतो, तिच्यातील प्रथिने चार अंड्यांइतकी, म्हणजे गरीब मुलाच्या चार आठवड्यांच्या वाट्याइतकी भरतात. तो वाटाही राज्याला जड झाला.

ज्याला परवडते त्याने घ्यावे, इतरांनी त्यात का पडावे, असा युक्तिवाद केला जाईल. पण निवडीचे स्वातंत्र्य माहितीवाचून असत नाही. शिवाय सुटी गोळी हा आहाराला पर्याय नव्हे, हे पुण्यातच दिसून आले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-12 अपुरे होते, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला होणारा अवरोध अधिक आढळल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. अंडे, मासळी आणि दूध यांतून जे मिळते ते ताटातून काढून घ्यायचे आणि त्याचा एखादाच अंश गोळीतून परत करायचा, याला पोषण म्हणता येत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. शालेय आहारातील अंडी आणि त्यांचा निधी पूर्ववत व्हावा. किनाऱ्यावरच्या शाळांत पालकांच्या संमतीने मासळीही द्यावी. लोह, फोलिक आम्ल आणि ब-12 या गोळ्या सरकारी दवाखान्यांतून मूळ नावाने आणि विनामूल्य मिळाव्यात. औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस हाथी समितीने 1975 मध्येच केली होती. प्रकृती सुधारण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक डब्याला त्या दाव्याचा पुरावा देणे आणि किंमत-नियंत्रण मानणे बंधनकारक असावे. आणि जी बारीक मासळी आज कोंबडीखाद्याच्या व मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांकडे वळते, तिला माणसाचे अन्न म्हणून रास्त भाव मिळावा. समाजवाद्यांनी हा प्रश्न वैद्यांवर सोपवून स्वस्थ बसू नये. ताटात काय पडावे हे नफ्याने ठरवायचे की लोकांच्या गरजेने, हा राजकारणाचाच प्रश्न आहे आणि तो शाळेच्या दारातून, बाजाराच्या ओट्यावरूनच लढवावा लागेल.