पिणाऱ्याने दळावे

घरी एस्प्रेसोसाठी कॉफी हाताने दळणे हा मागासलेपणा होय, असे मत आदिलाबादेतील आमच्या काही स्नेह्यांनी परवा आमच्याच घरची कॉफी पिता पिता मांडले. त्याचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एस्प्रेसोचे मर्म दळणात आहे. सुमारे १८ ग्रॅम कॉफीतून ९ वातावरणांच्या दाबाने पाणी २५ ते ३० सेकंदांत उतरावयास हवे. दळण जाडेभरडे असले तर पाणी धावत सुटते व पेय आंबट होते; फार बारीक असले तर तुंबते व कडवट होते. हा नेमकेपणा चक्कीच्या पोलादी दात्यांत असतो, मोटारीत नव्हे. विजेच्या चक्कीच्या किमतीतला मोठा वाटा मोटार खाते. तेवढ्याच पैशांत हातचक्कीला अधिक चांगले दाते मिळतात. हॉटेलवाल्याने खुशाल वीज वापरावी. घरच्या दोन पेल्यांस हात पुरेसा आहे.

तयार पुडी का नको? कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांहून कमी नसावी, असा नियम आहे. म्हणजे पुडीवर प्रमाण छापले की ४९ टक्के चिकोरी निर्दोष! वकील या नात्याने आम्हांस हे मान्य आहे. आमच्या जिभेस नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या अराकूच्या सबंध बियांत मात्र चिकोरी लपवता येत नाही.

परंतु हातचक्कीच्या भक्तांनाही आमचा एक सवाल आहे. मराठी घरातले जाते काय किंवा शेजारच्या तेलुगू घरातली तिरगली काय, पहाटेच्या अंधारात ओढीत होत्या त्या बायकाच. श्रम हलके व्हावेत म्हणून त्यांनी ओव्या रचल्या. आम्ही पुरुषांनी ओव्यांचे कौतुक केले. खुंटा मात्र धरला नाही. पिठाच्या गिरणीने त्यांची सुटका केली, हे उत्तमच झाले. आज हौसेने हातचक्की आणून ती पत्नीच्या हाती देणारे रसिक आम्ही पाहिले आहेत. आरंभी आम्हीही त्यांतलेच होतो, हे कबूल केले पाहिजे. निजामी अमलातली वेट्टी या जिल्ह्याने सोसली आहे, आणि राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरविली आहे. मग तिने आमच्या स्वयंपाकघरात रसिकतेच्या नावाने का शिरावे?

म्हणून आमचा निकाल असा : हातचक्की अवश्य घ्यावी, पण जो पिईल त्याने दळावे. ज्यास हे जड वाटेल त्याने विजेची चक्की घ्यावी, अथवा निमूटपणे चहा प्यावा.