दिवसा रात्र, रात्री दिवस!

बालमित्रांनो, न्यूझीलंडच्या प्राणिसंग्रहालयात भर दुपारी किवी पाहायला जावं, तर आत चक्क काळोख! का बरं? अहो, किवी निशाचर. म्हणून त्याच्या घरात दिवसा अंधार करतात नि रात्री लख्ख दिवे लावतात. आपले डोळे सरावेपर्यंत गप्प उभं राहायचं. मग चोचीच्या टोकावरच्या नाकपुड्यांनी माती हुंगत स्वारी येते.

अमेरिकेतल्या मायामीत मात्र पाओरा नावाच्या किवीला झगझगीत उजेडात आणून पाहुण्यांना कुरवाळू देत. पैसे घेऊन हं! तुम्हाला कुणी साखरझोपेतून उठवून गालगुच्चे घेतले तर? २०२३ साली ती चित्रफीत पाहून न्यूझीलंडची माणसं भडकली. संग्रहालयानं माफी मागितली नि तो प्रकार लगेच बंद केला.