झाकली मूठ किती दिवस झाकायची?

आपल्या कॉलेजात सध्या नोकरीपेक्षा 'स्टार्टअप' या शब्दाला जास्त भाव आहे. ई-सेलच्या प्रत्येक कार्यक्रमात एक तरी वक्ता "बी युवर ओन बॉस" म्हणतो, टाळ्या पडतात, चहा-समोसा होतो आणि पुढचा अर्धा तास आम्ही सगळे मनातल्या मनात सीईओ असतो. यात वाईट काही नाही. इंजिनिअरने उद्योग काढायचा नाही तर कुणी काढायचा? पण दोन वर्षांत ऐकलेल्या एकाही भाषणात एक साधी गोष्ट कुणी सांगितली नाही. स्वतःचा बॉस झालेला माणूस रात्री साडेअकरा वाजता, उद्याच्या पगाराची बेरीज जमत नसताना, बोलतो कुणाशी?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'आंत्रप्रेन्युअर'चं स्पेलिंग आधी पाठ झालं, 'उद्योजक' हा शब्द बराच नंतर भेटला. उद्योजक म्हणजे काय हे मात्र मी घरातच बघत होते. बाबांचा भोसरी एमआयडीसीत एक गाळा आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी, सहा कामगार. बुश आणि पिना बनवून एका मोठ्या वेंडरला द्यायच्या, तो त्या पुढे गाडीच्या कंपनीला देणार. बाबा प्रोप्रायटर, बाबाच प्रोग्रॅमर, बाबाच क्वालिटी इन्स्पेक्टर, आणि वेळ पडली तर टेम्पोत माल भरणारेही बाबाच. व्हिजिटिंग कार्डावर नाव एकच.

आपली इंडस्ट्रियल व्हिजिट नेहमी मोठ्या गेटमधून आत जाते. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि हा औद्योगिक पट्टा पिंपरी-चिंचवडपासून वाढत वाढत चाकणपर्यंत पोचला. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालचा. तिथे आपण रोबो बघतो, सेफ्टी शूज घालून फोटो काढतो आणि परत येतो. पण गाडीतल्या शेकडो लहान पार्टांपैकी कितीतरी ज्या गल्ल्यांमध्ये बनतात त्या भोसरी, तळवडे, चिखलीच्या गल्ल्या आपल्या बसच्या वाटेवर येत नाहीत. आपल्यापैकी जे खरंच धंद्यात पडतील, त्यातले बरेचजण काचेच्या ऑफिसात नाही, अशाच एखाद्या गाळ्यात सुरुवात करतील. म्हणून तिथलं गणित आत्ताच बघून घेतलेलं बरं.

गणित असं. माल आज गेला. पैसे साठ दिवसांनी, कधी नव्वद. पण स्टीलवाला थांबत नाही, महावितरणचं बिल थांबत नाही, बँकेचा हप्ता तर नाहीच नाही. बिल काढलं की त्यावरचा जीएसटी ठरल्या तारखेला भरायचा, मग गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असोत की नसोत. एखादा लॉट रिजेक्ट झाला तर वर डेबिट नोट. आणि प्रोप्रायटरी फर्म असेल तर कायदा धंदा आणि माणूस वेगळे धरतच नाही. धंद्याचं कर्ज ते त्याचंच कर्ज.

तुम्ही म्हणाल, यावर कायदा नाही का? आहे ना. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर असे मुदतीबाहेर थकवलेले पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून आयकरात धरले जात नाहीत. तक्रारीसाठी सरकारी पोर्टलसुद्धा आहे. पण ज्याचं बहुतेक काम एकाच गिऱ्हाइकाकडून येतं, तो त्याच गिऱ्हाइकाची तक्रार करेल का? पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

तरीही माझ्या मते पैसा हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा, की हे सगळं सांगायला माणूस नाही. एकेक करून बघा. कामगारांना सांगावं, तर ते दुसरीकडे काम शोधायला लागतात. स्टीलवाल्याला कळलं तर उधारी बंद. बँकेला कळलं तर लिमिटवर गदा. गिऱ्हाइकाला कळलं तर तो गुपचूप दुसरा वेंडर उभा करतो. नातेवाईक तर टपलेलेच असतात, "तरी सांगत होतो, टेल्कोत चिकटला असतास तर!" घरी सांगावं, तर बायकोची झोप कशाला उडवा? म्हणजे दिवसभरात तीस माणसांशी बोलणारा हा माणूस, आणि त्या तिसांपैकी प्रत्येकाला तो ठणठणीत दिसायलाच हवा असतो. आपल्याकडे याला म्हणही तयार आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली की किंमत गेली. पण सतत आवळून धरलेल्या मुठीला रग लागते, त्याचं काय?

त्यात आपल्या पट्ट्याची एक खास गंमत म्हणजे गुरुवार. विजेचा भार आठवड्यात विभागला जावा म्हणून इथल्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. शाळा, बँका, सरकारी ऑफिसं, लग्नकार्यं, सगळं रविवारचं. म्हणजे रविवारी आम्ही घरी तेव्हा बाबा गाळ्यावर, आणि गुरुवारी बाबा घरी तेव्हा घर रिकामं. बाबांचे कॉलेजचे मित्र रविवारी भेटायचे. हळूहळू त्यांनी बोलवायचं सोडून दिलं. भांडण नाही, काही नाही. वारच जुळला नाही.

२०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा मी शाळेत होते. बाबांच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या, आणि एका गिऱ्हाइकाने तर चार महिने पैसेच दिले नाहीत. त्या दिवसांत बाबा गुरुवारीसुद्धा गाळ्यावर जायचे. मशीन बंद, गल्ली बंद, तरी जायचे. आईला वाटायचं काम असेल. खूप नंतर ते म्हणाले, "तिथे बसलं की कुणी काही विचारत नाही, म्हणून जायचो." हे वाक्य मला अजून टोचतं. पुढे एका गुरुवारी शेजारच्या गाळ्यातले काका कशाला तरी तिकडे आले, शटर अर्धं उघडं बघून आत डोकावले. दोघं बोलायला लागले. मग काकांनी आपली वही आणली. येणं किती, देणं किती, दोघांनी आकडे समोरासमोर ठेवले. काकांची अवस्था बाबांपेक्षा वाईट निघाली! त्या दिवशी एक रुपयाही वाढला नाही. पण बाबा घरी येऊन जेवले, आणि आईला सगळं सांगितलं. आईने दोन दिवसांत घरखर्चाची अशी फेरमांडणी केली की आमच्या अकाउंट्सच्या टीचरनी तोंडात बोट घातलं असतं. म्हणजे ज्यांना त्रास नको म्हणून लपवायचं, तीच माणसं बहुधा सर्वांत उपयोगाची असतात.

माझ्या घरचं निभावलं. सगळ्यांचं निभावतंच असं नाही. एनसीआरबीच्या अहवालाप्रमाणे २०२० साली देशात ११,७१६ व्यावसायिकांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी शेतकरी आणि शेतमजूर मिळून हा आकडा १०,६७७ होता. व्यावसायिकांमध्ये छोटे दुकानदार, फेरीवाले असे सगळेच आले, आणि अशा मृत्यूमागे कधीच एकच कारण नसतं, हे मान्य. पण शेतकऱ्याच्या दुःखावर निदान चर्चा तरी होते. छोटा धंदेवाला 'मालक' असतो. मालकाला कसलं दुःख?

याला थोडेफार आपणही जबाबदार आहोत. आपल्याला एकट्या वीराची गोष्ट फार आवडते. विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' कितीतरी हॉस्टेलांमध्ये हातोहात फिरलेलं पुस्तक आहे. सगळ्यांना त्यातलं ऑर्किड आठवतं. पण कर्जाच्या ओझ्याखाली जीव द्यायचा विचारही मनात येऊन गेला होता, हे त्यांनी उघडपणे सांगितलंय, ते किती जणांना आठवतं? आपण यश अधोरेखित करतो आणि ते पान उलटतो. माझ्या मते एवढ्या मोठ्या माणसाने ते सांगणं, हे हॉटेल बांधण्याइतकंच धाडसाचं आहे.

दुसरं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. १८८८ साली बेळगावला सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षं लागली. आपण ऐकतो ती एका जिद्दी माणसाची गोष्ट. पण कंपनीचं नावच वाचा की! किर्लोस्कर ब्रदर्स. सोबत थोरले भाऊ रामूअण्णा होते, वसाहत उभी करणारे सहकारी होते, आणि बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा जमीन आणि कर्ज देणारे औंधचे राजे होते. दोन वर्षं न खपलेले नांगर रोज बघायचे आणि तरी उद्या भट्टी पेटवायची, हे एकट्याने झालं असतं असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे कायद्यालाही एकट्या माणसाचा भरवसा वाटत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने 'वन पर्सन कंपनी' आणली. नावातच एक माणूस. पण ती नोंदवताना दुसऱ्या एका माणसाचं नाव नॉमिनी म्हणून, त्याच्या लेखी संमतीसह, द्यावंच लागतं. आपण इंजिनिअर तरी वेगळं काय शिकतो? जिथे एकच बोल्ट सगळा लोड घेतो, त्या डिझाइनला सर लाल पेनाने गोल करतात. मग अख्खा धंदा, सहा कामगारांची घरं आणि स्वतःचं घर एका माणसाच्या झोपेवर टांगलेलं असताना आपण त्याला 'डेअरिंग' का म्हणतो?

यावर कुणी म्हणेल, पार्टनरशिप म्हणजे भांडण, चांगले मित्रसुद्धा त्यात तुटतात. खरं आहे. काही जणांना एकट्यानेच काम जमतं, निर्णय पटकन होतात, हेही खरं. म्हणून प्रत्येकाने पार्टनर घ्या असं माझं म्हणणं नाही. मालकी एकट्याची असू द्या. पण खरा आकडा माहीत असलेला दुसरा माणूस हवाच. तो भाऊ असेल, बायको असेल, नवरा असेल, जुना रूममेट असेल, शेजारच्या गाळ्यातले काका असतील. अट एकच, तुमच्या धंद्यात त्याचा पैसा अडकलेला नसावा, किंवा अडकला असेल तर तो तुमच्याइतकाच बुडणारा असावा. महिन्यातून एकदा त्याच्यासमोर वही उघडायची. येणं, देणं, आणि "झोप लागते का?" हा तिसरा कॉलम.

आपल्या पट्ट्यात याची सोय नाही असंही नाही. एका गल्लीतले मालक एकमेकांना इन्सर्ट उसने देतात, गेज देतात, मशीन बंद पडली तर आपल्या मशीनवर दुसऱ्याचा जॉब काढून देतात. लघुउद्योजकांच्या संघटना आहेत, पुण्यात १९३४ पासूनचं मराठा चेंबर आहे. पण गप्पा स्टीलच्या भावापाशी आणि रस्त्यातल्या खड्ड्यांपाशी थांबतात. त्या एक पाऊल पुढे जायला हव्यात. पैसे थकवणाऱ्याविरुद्ध एकटा माणूस बोलू शकत नाही, पण दहा गाळे मिळून संघटनेमार्फत बोलू शकतात. म्हणजे सोबत असली की मन हलकं होतंच, कधी कधी वसुलीसुद्धा होते.

आपल्या ई-सेललाही माझी एक विनंती आहे. यंदा एक तरी वक्ता असा आणा ज्याचा धंदा बंद पडला. त्याला विचारा, बंद पडायच्या आधीच्या सहा महिन्यांत तू कुणाशी बोलत होतास? आणि सरांना विनंती, एक इंडस्ट्रियल व्हिजिट भोसरीच्या गल्लीत न्या. रोबो दिसणार नाही, पण माणूस दिसेल.

राहता राहिलो आपण. मी डे स्कॉलर, पण सबमिशनच्या आठवड्यात माझा मुक्काम मैत्रिणींच्या रूमवरच असतो. रात्री दोन वाजता सगळी विंग जागी असते. कुणी शीट काढतंय, कुणी रडतंय, कुणी मॅगी करतंय. ताण तोच असतो, पण तो सगळ्या विंगमध्ये वाटला जातो. मेसमध्ये दोन दिवस दिसला नाहीत तर कुणीतरी दार वाजवतंच. पुढे आयुष्यात दार वाजवणारं माणूस आपोआप मिळत नाही, ते नेमावं लागतं. धंद्याचा प्लॅन लिहाल तेव्हा भांडवल, मशीन, मार्केट यांच्या खाली त्याचंही नाव लिहा. आणि मन फारच जड झालं, ओळखीच्या कुणापाशी बोलवेना, तर २०२२ साली सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावा. सव्वा लाखाची मूठ निदान एका माणसापुरती तरी उघडू या.