वजनाचा माणूस की शब्दाचा?

आमदार-खासदार सत्तेत वजन असलेला हवा की सभागृहात आवाज उठवणारा, हा वाद राजापुरात जुना आहे. त्याची दोन्ही बाजूंची उत्तरे या भूमीने स्वतःच्या मतांनी दिली आहेत. म्हणूनच हा वाद इथे घाईने निकाली काढता येत नाही.

2008 च्या पुनर्रचनेत रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ झाला आणि लोकसभेच्या यादीतून राजापूरचे नाव गेले. पण त्याआधी त्या नावाला दिल्लीत मान होता. 1957 पासून तीन वेळा नाथ पै इथून निवडून गेले. गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणले. त्यांच्यानंतर 1971 मध्ये, इंदिरा गांधींची लाट असतानाही, राजापूरने मधु दंडवते यांना निवडले आणि तेव्हापासून सलग पाच वेळा दिल्लीला धाडले. दंडवते मूळचे नगरचे आणि मुंबईत प्राध्यापक होते. मतदाराने त्यांचे गाव विचारले नाही.

त्या निवडीची किंमतही मतदाराने मोजली. यातली बहुतेक वर्षे आपला खासदार विरोधी बाकांवर होता, आणि वाडीवरच्या वाटा, पाणी, दवाखाने या गोष्टी भाषणांनी होत नाहीत. कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले ते 1990 मध्ये, दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना. म्हणजे कोकणचे स्वप्न सत्ता हातात आल्यावरच मार्गी लागले, हा वजनाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. मात्र त्या स्वप्नासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला नसता, तर सत्ता मिळूनही काय मागायचे हे कुणाला सुचले असते? विशेष म्हणजे 1991 मध्ये याच मतदारसंघाने दंडवते यांना घरी बसवून काँग्रेसचे सुधीर सावंत यांना निवडले. 1996 पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू आले आणि केंद्रात ऊर्जामंत्री झाले. राजापूरचा मतदार कुणाचाच कायमचा बांधील राहिला नाही.

विधानसभेत वजनाच्या बाजूचे म्हणणे अधिक पटते. अर्जुना आणि कोदवली नद्यांचे पाणी पावसाळ्यात जवाहर चौकात शिरते. त्यावर उपाय करायला निधी लागतो आणि निधी मंत्रालयातून येतो. 2009 पासून तीन वेळा शिवसेनेचे राजन साळवी निवडून आले. शिवसेनेत फूट पडल्यानंतर, 2024 मध्ये त्यांचा पराभव करून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे किरण सामंत आमदार झाले. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये साळवीही त्याच पक्षात गेले. सत्तेजवळ असल्याशिवाय कामे होत नाहीत, असे मानणाऱ्या मतदाराला आपण दोष देऊ शकत नाही. चाकरमान्यांच्या पैशावर किती दिवस गाव चालवायचे?

पण रस्त्याचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न सारखे नाहीत. माडबनला 9,900 मेगावॉटचा अणुऊर्जा प्रकल्प ठरला, नाणारचा बेत रद्द झाल्यावर बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला. 2023 च्या एप्रिलमध्ये तिथे माती परीक्षणाच्या वेळी पोलीस आणि ग्रामस्थ समोरासमोर उभे राहिले. त्याच सड्यावर जपण्याजोगी कातळशिल्पे आहेत आणि तालुक्यातल्या तरुणांना रोजगारही हवा आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. साळवी यांनी तेव्हा स्वपक्षाच्या भूमिकेविरुद्ध प्रकल्पाला उघड पाठिंबा दिला होता. त्यांचे मत पटो वा न पटो, मतदाराला ते कळले, हे महत्त्वाचे.

आमचा कौल इथे ठरतो. रस्ते आणि पाण्यासाठी सत्तेतला माणूस जरूर निवडावा. त्याच्याकडून एक गोष्ट मात्र आधीच वदवून घ्यावी: जमीन, समुद्र आणि सडा यांच्या भवितव्याचा निर्णय होण्याआधी तो ग्रामसभेत येऊन बसेल, ऐकेल, आणि आपली भूमिका विधानसभेच्या कामकाजात नोंदवेल. वजन सरकारबरोबर येते आणि सरकारबरोबर जाते. नोंदवलेला शब्द पुढच्या पिढीला जाब विचारायला उपयोगी पडतो. नाथ पै आणि दंडवते यांना निवडणाऱ्या राजापूरला एवढी मागणी जड नाही.