एक वास्तू, अनेक प्रार्थना

वास्तू कोणाची? ज्याने ती बांधली त्याची, की जो ती सांभाळतो त्याची? लंडनच्या पूर्व भागात ब्रिक लेन नावाच्या रस्त्यावर विटांची एक जुनी इमारत आहे. तिचा इतिहास या प्रश्नाचा विचार करावयास लावतो.

१६८५ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य हिरावून घेतले. तेव्हा हजारो लोक परागंदा होऊन इंग्लंडच्या आश्रयास आले. त्यांतील रेशीम विणणारी कुटुंबे या भागात स्थिरावली. पुढे १७४३ साली त्या समाजाने हे प्रार्थनामंदिर उभारले. कालांतराने तो समाज विखुरला आणि १८१९ पासून तेथे मेथॉडिस्ट पंथाचे ख्रिस्ती लोक उपासना करू लागले.

१८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यू लोकांवर अत्याचार होऊ लागले. जीव मुठीत धरून आलेल्या अनेक कुटुंबांनी याच वस्तीत आसरा घेतला आणि १८९८ साली ही वास्तू त्यांचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, झाली. तेथे प्रार्थनेबरोबर धर्मग्रंथांचे अध्ययनही चाले. पुढे ती कुटुंबे शहराच्या इतर भागांत राहावयास गेली. अखेर १९७६ साली, मुख्यतः बांगलादेशाच्या सिल्हेट भागातून आलेल्या मुसलमानांनी तेथे मशीद सुरू केली.

जेथे आपल्या आजोबांनी प्रार्थना केली, ते स्थान दुसऱ्यांचे झालेले पाहून कोणाचेही मन हळहळेल. ती हळहळ खोटी नव्हे. परंतु मंदिराला कुलूप लागून त्याच्या भिंती ढासळल्या असत्या, तर पूर्वजांचा मान अधिक राहिला असता काय? येथे सिनेगॉग कोणी बळाने बळकावले नाही. जाणाऱ्यांची गरज सरली होती, येणाऱ्यांना निकड होती.

त्या इमारतीच्या भिंतीवर उंच जागी एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर १७४३ हे वर्ष आणि ‘आपण सारे छाया आहोत’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले आहेत. ख्रिस्ती लोकांनी ते बसविले, ज्यूंनी ते राखले आणि मुसलमानांनीही ते जपले आहे. नव्या धन्याला ते काढून टाकणे अवघड नव्हते. कोणीही तसे केले नाही, यातच मला खरी धर्मबुद्धी दिसते.

म्हणून माझे मत असे, की वास्तू ही आपल्या हाती आलेली ठेव आहे. आपल्या गरजेप्रमाणे तिचा उपयोग अवश्य करावा; मात्र आपल्याआधी तेथे जे राहिले, त्यांची खूण पुसू नये.