क्षमेला जागा नसलेली मालिका

दूरचित्रवाणीविषयी आपल्या व्यासपीठांवरून जे बोलले जाते ते बहुतेक अश्लीलतेविषयी असते. तोकडे कपडे, सवंग नाच, उत्तान जाहिराती यांवर प्रवचनांत कोरडे ओढले जातात. आणि तीच श्रोतेमंडळी घरी परतून सायंकाळी सात ते दहा या वेळेत, म्हणजे नेमकी एके काळी रोझरीची असलेल्या वेळेत, सहकुटुंब ज्या मालिका पाहते त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. कारण उघड आहे. त्या मालिकांतील स्त्रिया भरजरी साड्यांत वावरतात, देवघरात दिवा लावतात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. या सोवळ्या मालिकांवरच आमचा आरोप आहे आणि तो अश्लीलतेच्या आरोपाहून गंभीर आहे. त्यांत कोणी कोणाला क्षमा करू शकत नाही.

हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. भांडण मिटले की गोष्ट संपते, हा कथनाचा साधा नियम आहे. दैनंदिन मालिकेला संपणे परवडत नाही, हा धंद्याचा नियम आहे. उभारलेले घर, ठरलेला नटसंच, प्रेक्षकाला लागलेली सवय यांवर पैसा एकदा गुंतला की आकडे बरे येत आहेत तोवर मालिका चालवायची. नवी मालिका म्हणजे नवा जुगार. आकडे येतात ते निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांतून. २०२० च्या सुमारास देशात दूरचित्रवाणी असलेली घरे सुमारे एकवीस कोटी होती आणि यंत्रे बसविलेली घरे होती पंचावन्न हजारांच्या आसपास. म्हणजे एक घर सुमारे पावणेचार हजार घरांच्या वतीने कौल देते! त्या घरातील बोट दूरनियंत्रकावरून हलू नये, एवढ्याचसाठी सासूने सुनेला आज माफ करायचे नसते. पश्चात्तापाचा प्रसंग लिहिला जातो. पण पश्चात्ताप करणाऱ्याचे वाक्य दाराआडून कोणीतरी अर्धेच ऐकते आणि पुढचे शंभर भाग सुखरूप होतात.

असे व्हायलाच हवे होते का? मुळीच नाही. आपल्याकडील कौटुंबिक मालिकेचा उगम ज्या 'हमलोग'मध्ये आहे, तिची कल्पना तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या १९८२ मधील मेक्सिको भेटीनंतर पुढे आली. समाजशिक्षणासाठी मालिका वापरण्याचा प्रयोग तेथे मिगेल साबिदो यांनी केला होता. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हमलोग' जुलै १९८४ मध्ये सुरू झाली, १५६ भाग चालली आणि डिसेंबर १९८५ मध्ये तिने प्रेक्षकांचा रीतसर निरोप घेतला. मेक्सिकोची 'तेलेनोव्हेला' आजही साधारणपणे काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, आटोपते. भडक असते, रडवी असते, पण शेवटाकडे चाललेली असते. आपण तो नमुना उचलला, आणि पुढे त्यातला शेवट तेवढा गाळला.

दूरदर्शन तेव्हा निर्मात्यांना तेरा-तेरा भागांच्या हिशेबाने वेळ देई. 'मालगुडी डेज', 'नुक्कड', 'वागळे की दुनिया' या मालिका त्या चौकटीत घडल्या. वागळ्यांची अडचण अर्ध्या तासात सुरू होऊन अर्ध्या तासात निस्तरे. माणूस चुके, ओशाळे, सुधारे. जुन्या दूरदर्शनचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. आणीबाणीत त्याने सरकारची री कशी ओढली हे आम्ही विसरलो नाही. आणि रोजच्या रोज चालणारी 'शांती' १९९४ मध्ये दूरदर्शननेच दाखविली. पण खासगी वाहिन्यांनी त्या वाटेचा महामार्ग केला. २००० साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेचे २००८ पर्यंत अठराशेहून अधिक भाग झाले. मरण पावलेला मिहीर प्रेक्षकांनी आक्रोश केल्यावर जिवंत होऊन परतला. (पुनरुत्थानाचा इतका स्वस्त उपयोग आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही.) संपलेली ही मालिकाही २०२५ मध्ये पुन्हा उभी राहिली. आमच्या मराठीत तर 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे, या म्हणीत आठ दिवसांत फेरा पूर्ण होतो!

उधळ्या पुत्राचा दाखला आज एखाद्या वाहिनीकडे नेला तर काय होईल याची वाचकांनी कल्पना करावी. लूकच्या शुभवर्तमानात तो बावीस वचनांत सांगून होतो. वाहिनीवर धाकट्याने वाटा मागण्यातच पहिले दोन महिने जातील. तो डुकरांच्या कळपाशी पोहोचेल, परत निघेल, बाप त्याला पाहून धावेल. आणि धावणाऱ्या बापाचा चेहरा तीन कोनांतून तीनदा दाखवून जाहिराती लागतील. दुसऱ्या दिवशी बाप अर्ध्या वाटेवर कोसळेल. बोटात घातलेली अंगठी चोरीची ठरेल. थोरल्याची बायको, जिचा शुभवर्तमानात उल्लेखही नाही, ती कथेची नायिका किंवा खलनायिका होईल. मिठी मात्र होणार नाही. तिच्यासाठी तर दाखला सांगितला होता.

यावर कोणी म्हणेल की थोरला भाऊ घरात गेला की नाही हे प्रभू येशूनेही सांगितले नाही. खरे आहे. पण ते उत्तर ऐकणाऱ्याने आपल्या घरी जाऊन द्यायचे आहे. मालिका ऐकणाऱ्याकडे काहीच सोपवीत नाही. 'उद्या पाहा' एवढेच सांगते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिवसभर राबून, विरारच्या गाडीत उभ्याने प्रवास करून घरी आलेल्या बाईला घटकाभर करमणूक नको काय? जरूर हवी. अंथरुणाला खिळलेल्या, मुले परदेशी असलेल्या वृद्ध मावश्यांना त्या खोक्याचाच आवाज सोबतीला असतो, हे आम्ही आमच्याच आळीत पाहतो. ख्रिस्तसभेनेही या माध्यमाचा तिरस्कार केलेला नाही. आजारामुळे मिस्सेला जाऊ न शकलेल्या असिसीच्या संत क्लाराला तो विधी आपल्या खोलीतूनच दिसला, अशी परंपरा आहे. म्हणून पोप बारावे पायस यांनी १९५८ मध्ये तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत ठरविले. पडद्याकडे पाहणारी एकटी, आजारी स्त्री ही ख्रिस्तसभेच्या दृष्टीने या माध्यमाची पहिली प्रेक्षक आहे. तिला आपण रोज रात्री काय देतो? ज्या वयात जावेशी, भावाशी, धाकट्या सुनेशी असलेले जुने हिशेब मिटवून मोकळे व्हावे, त्या वयात हिशेब कधी मिटत नसतात असे तिला वर्षानुवर्षे, आठवड्यातून पाच-सहा वेळा सांगितले जाते.

धर्मग्रामातील किती घरांत भावाभावांत वाडीच्या बांधावरून बोलणे बंद आहे, हे धर्मगुरूंना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्याचा दोष मालिकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बांधाची भांडणे दूरचित्रवाणीहून जुनी आहेत. पण ती मिटविण्याची भाषा घरात कोठून यावी? रोझरी मागे पडली, आणि तिच्या जागी जे आले त्यात समेट हा कथेचा अपघात मानला जातो.

आमची मागणी साधी आहे. वाहिन्यांनी मालिका सुरू करतानाच तिचे भाग किती ते जाहीर करावे आणि तो शब्द पाळावा. चांगल्या लेखकाला शेवट ठाऊक असला तर तो त्याकडे जाणारी माणसे लिहील. आपल्या समाजातील जी तरुण मंडळी या मालिकांसाठी लेखन करू पाहतात, त्यांनी हा आग्रह करारपत्रावर सही करण्यापूर्वी धरावा. नंतर त्यांचे कोणी ऐकणार नाही. आणि वाचकहो, आपणही पत्रे लिहावीत. मनोरंजन वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी त्या व्यवसायानेच २०११ मध्ये एक परिषद नेमली आहे. नग्नता, हिंसा, अंधश्रद्धा यांविषयीच्या तक्रारी तेथे चालतात. दोन हजार भागांत एकाही माणसाला क्षमा मिळाली नाही, ही तक्रार कोणत्या सदराखाली नोंदवायची, हे पहिल्या पत्रात त्या परिषदेलाच विचारावे.